सासूबाईंचा हप्ता

३ मार्च

कागद उघडला आणि तोंडचं पाणीच पळालं. सासूबाईंच्या आरोग्य विम्याचा नवा हप्ता — दुपटीहून जास्त! कारण काय, तर पुढच्या महिन्यात त्यांना सत्तर पूर्ण होतात. बस, एवढंच. वर्षभरात बाईंनी विमा कंपनीचा एक छदाम घेतलेला नाही. सत्तरी गाठली हाच गुन्हा.

जेवताना मी गप्प बसायला हवं होतं. बसलो नाही. गेल्या वर्षी हप्ता कमी यावा म्हणून मीच तो पर्याय घेतला होता — वर्षात एका ठरलेल्या रकमेपर्यंतचा खर्च आपला, त्याच्या वरचा कंपनीचा. डॉक्टरची फी, रक्ततपासणी, प्रेशरच्या गोळ्या, सगळं त्या रेषेच्या खालीच राहतं. म्हणजे हप्ताही आपण भरायचा आणि औषधंही आपणच आणायची! ही म्हणाली, "हळू बोल." मी कसला हळू बोलतोय. "एक एक गोळी आपल्या खिशातून जाते, एक एक गोळी!" असं टेबलावर हात आपटून बोललो.

सासूबाई पाण्याचा जग घेऊन मागेच उभ्या होत्या. माझा पेला भरला आणि आत गेल्या. ऐकलं असणारच.

४ मार्च

घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. आमची पोर चिमणी सोडून. तिने शाळेतल्या कुणाच्या तरी सशाची गोष्ट पूर्ण एक तास लावली.

६ मार्च

डोक्याचा भुगा झालाय. एकदा सगळं लिहूनच काढतो, म्हणजे निदान मला तरी कळेल.

मी इथे परदेशात नोकरीला, म्हणून मी, ही आणि चिमणी सरकारी योजनेत. सासूबाई नोकरीला नाहीत, सत्तरीत लागतील कशाला! त्यांना खासगी विमाच घ्यावा लागतो, आणि तो असल्याचा दाखला जोडला तरच राहण्याचा परवाना पुढे वाढतो. परवाना संपतो तीस एप्रिलला. दाखला नाही तर परवाना नाही. परवाना नाही तर परत.

परत म्हणजे कुठे? सासरे गेल्यावर तिकडचं घर विकून त्या इथे आल्या. दोन वर्षं झाली. हिला ना भाऊ ना बहीण. तिकडे त्यांचा एक दीर आहे, तो स्वतःच मुलाच्या दारात पडून आहे. परत पाठवायचं म्हणजे भाड्याच्या एका खोलीत एकटं ठेवायचं. ही बोलत नाही, पण रोज माझ्याकडे बघते. मला ते बघणं सहन होत नाही.

आणि खरं सांगायचं तर मलाही त्या हव्या आहेत. त्या आल्यापासून या घराला घरपण आलं. हे त्यांच्यासमोर बोलायची माझी प्राज्ञा नाही, म्हणून इथे.

८ मार्च

विम्याच्या सल्लागार बाईंना भेटलो. किल्ल्या करून देणारा आणि केशकर्तनालय यांच्या मधला गाळा. टेबलावर एक कुंडी, तीही प्लास्टिकची. बाई मात्र सरळ निघाल्या.

"हप्ता कशावर ठरतो?" मी विचारलं.

"वय. आधीची दुखणी. स्वतःच्या खिशातून तुम्ही किती सोसणार ते. आणि कुठे कुठे उपचार घेणार — फक्त इथे, की तिकडे गेल्यावरसुद्धा." त्यांनी पेनाने एक आडवी रेघ ओढली. "वयाचं आपण काही करू शकत नाही. बाकीच्यात खेळता येतं."

मग म्हणाल्या, स्वस्त विमा घ्या, पण वाचून घ्या, नको तेव्हा नेमकं हवं तेच वगळलेलं असतं. मी हसायलाच लागलो. त्यांना वाटलं, माणूस भ्रमिष्ट आहे. म्हटलं, बाई, मी लिफ्ट दुरुस्त करतो. वर्षभराच्या देखभालीचे करार आम्हीही विकतो. स्वस्तातल्या करारात महिन्याला एक फेरी, तेलपाणी, बटणं, दिवे, सगळं येतं. दोर आणि मोटर सोडून! आणि लिफ्टमध्ये जातं काय? दोर आणि मोटर.

"मग तुम्हाला समजावायला वेळ लागणार नाही," बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच हसल्या.

दुसऱ्या एका कंपनीचा दर काढून देते म्हणाल्या आहेत. सत्तरीच्या आत अर्ज गेला तर एकोणसत्तरचा दर लागेल. म्हणजे घाई करायला हवी. प्रेशर आणि त्याच्या गोळ्या कळवल्या तर थोडा जास्त पडेल, पण घेतील. "ते लपवू नका हं," म्हणाल्या. मी कशाला लपवतोय?

१३ मार्च

आज कामावर एकाशी वाजलं. आठ मजली इमारत, लिफ्टचा दोर झिजलाय. तारा सुटायला लागल्यात, बोट फिरवलं तर हातमोजा अडकतो. मी अहवालात लिहिलं: दोर बदला. इमारतीचा मॅनेजर मागेमागे. "अहो, ‘निरीक्षणाखाली’ लिहा ना. पुढच्या वर्षी बघू की! खर्च केवढा आहे माहीत आहे का?"

मी म्हटलं, खर्च तुमचा, सही माझी. दोराच्या बाबतीत मी बापाचं ऐकलं नाही, तुमचं काय ऐकणार! तो फणफणत गेला. जाऊ दे.

घरी येऊन ही सगळी बढाई मारली. सासूबाई पालेभाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या हातात दोर असला की माणूस निर्धास्त." छाती दोन इंच फुगली. खोटं कशाला बोलू.

१७ मार्च

नव्या कंपनीचा दर आला. महिन्याला माझ्या पगाराचा आठवा हिस्सा. जुनी कंपनी पाचवा मागत होती! सुट्टीतला प्रवास बंद, चिमणीचा पोहण्याचा वर्ग पुढच्या वर्षी, माझी जुनी गाडी आणखी जुनी होईल. पण जमतंय. जमवूच.

या महिन्यात प्रेशरच्या गोळ्या आणायला कोणी सांगितलं नाही. पाकीट अजून पुरतंय म्हणे. चला, तेवढीच बचत.

२१ मार्च

चिमणीने बॉम्ब टाकला. शाळेच्या गृहपाठावर मान खाली घालून, रंग भरता भरता — "बाबा, आजी जिन्यात बसते."

बसते म्हणजे?

"शाळेतून येताना. दुसऱ्या मजल्यावर बसते, डोळे मिटून. म्हणते, जिना फिरतो. मग उठते. तुला सांगायचं नाही म्हणाली."

लोकांच्या लिफ्टा चालू ठेवतो आणि स्वतः बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, हा विनोद मी सगळीकडे सांगत असतो. आज नाही आलं हसू.

चक्कर! अर्जात अख्खा एक प्रश्न त्याचाच आहे: पूर्वी कधी चक्कर, भोवळ, शुद्ध हरपणे? आणि हे काही आजचं नसणार. दोर एका दिवसात झिजत नाही. आल्यापासूनच असेल, आम्हाला ताकास तूर लागू दिली नाही म्हातारीने.

२२ मार्च

सासूबाईंना सरळ विचारलं. "चक्कर येते का?"

"मला काय धाड भरलीय!"

"चिमणी म्हणाली—"

"चिमणी काहीही म्हणते. तिच्या मते त्या सशाला पण ताप आलाय." आणि भांडी आपटायला लागल्या. विषय संपला. जावयासमोर दुखणं काढायचं नाही, हा त्यांचा जुना खाक्या. डोकं दुखलं तरी तोंडावर पदर घेऊन, मला ऊन लागलं म्हणतात.

त्या चिमणीला शाळेतून आणायला गेल्यावर आमची दोघांची जुंपली. ही म्हणते, लिहू नको. मी म्हणतो, न लिहून कसं चालेल? ही म्हणते, लिहिलं तर काय होईल? मी सल्लागार बाईंना नाव न घेता विचारून ठेवलं होतं, ते सांगितलं — तपासण्या मागतील, मग एकतर हप्ता आणखी चढवतील, नाहीतर हृदय आणि मेंदू दोन्ही वगळतील, नाहीतर सरळ नकार. नकार आला तर दुसरी कंपनी शोधेपर्यंत एप्रिल संपेल.

"मग?" ही म्हणाली. "तिला एकटीला पाठवायचं? दोर दोर करत बस तू! ती लिफ्ट नाहीये, माझी आई आहे."



२५ मार्च

अर्ज भरला. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, चष्मा लावून, जणू इथली भाषा वाचता येतेय. मी एक एक प्रश्न मराठीत सांगत गेलो. प्रेशर आहे? हो. गोळी रोज घेता? हो. ऑपरेशन? नाही. मग तो प्रश्न आला.

"चक्कर येते का, विचारलंय," मी म्हटलं. त्यांच्याकडे न बघता.

"नाही म्हणा."

मला माहीत होतं. मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. ही दारात उभी होती. मी ‘नाही’वर खूण केली.

त्यांनी सही केली, एक एक अक्षर जपून. पेन माझ्या हातात देताना म्हणाल्या, "त्या इमारतीचा दोर बदलला का हो शेवटी?"

बदलला, म्हटलं.

२ एप्रिल

मंजूर! तपासणी नाही, प्रश्न नाही. दाखला आला.

७ एप्रिल

परवाना कार्यालयात तिसऱ्या खिडकीवर पूर्ण सकाळ. खिडकीतल्या माणसाने दाखला उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, बाजूच्याला दाखवला. माझा जीव टांगणीला. मग शिक्का! दोन वर्षं!

ही रस्त्यातच रडायला लागली. सासूबाई तिला म्हणाल्या, "अगं, लोक बघतायत, त्यांना वाटेल मला हाकललं." आम्ही तिघं वेड्यासारखे हसलो. जीव भांड्यात पडला. आज मनासारखं जेवलो.

१० एप्रिल

जीव भांड्यात पडला म्हणे! गाढव आहे मी, अस्सल.

सकाळी सासूबाई न्हाणीघरातून बाहेर येताना भिंत धरून उभ्या राहिल्या. ओठ पांढरे. मी धावलो, तर म्हणतात, पाय घसरला. कोरड्या फरशीवर! ही म्हणाली, आता डॉक्टरकडे नेऊ, आता तर विमा आहे. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

डॉक्टर पहिला प्रश्न काय विचारेल? कधीपासून. आणि जे सांगू ते तो लिहिणार. आणि ते कागद कंपनीकडे जाणार. मार्चमध्ये ‘नाही’ लिहिलं आणि एप्रिलमध्ये ‘जुनं आहे’ — पॉलिसी रद्द. पॉलिसी रद्द म्हणजे परवानाही रद्द.

म्हणजे माझ्या पगाराचा आठवा हिस्सा देऊन मी असा विमा घेतलाय, की त्यांना डॉक्टरकडे नेता येत नाही!

हिला हे सांगितलं. ही म्हणाली, "मग आता?"



११ एप्रिल

सल्लागार बाईंना फोन केला. म्हटलं, एक ओळखीचे गृहस्थ आहेत, त्यांनी अर्जात एक गोष्ट लिहायची राहिली. बाई म्हणाल्या, "तुमच्या ओळखीच्या गृहस्थांना सांगा, हप्ता घेताना कोणी काही विचारत नाही. खर्चाचं बिल गेलं की मग सगळं वाचतात. अजून वेळ आहे, स्वतःहून कळवलं तर ऐकून तरी घेतील."

"आणि नाही ऐकलं तर?"

"तर नाही ऐकलं."

कळवावं? कळवलं आणि त्यांना परत जावं लागलं तर ही मला जन्मात माफ करणार नाही. नाही कळवलं आणि जिन्यात काही झालं तर मी स्वतःला. ओळखीचे गृहस्थ! थू माझ्यावर.

१२ एप्रिल

सासूबाईंना सत्तर पूर्ण. चिमणीने कागदाचा मुकुट केला, तो त्यांनी दिवसभर डोक्यावर मिरवला. केक कापताना मी त्यांच्या हाताकडे बघत होतो, थरथरतोय का. त्यांनी ते पाहिलं. माझ्या ताटलीत दोन तुकडे घातले. "खा हो. सारखं काय बघताय, मी काही उडून जात नाही."

१५ एप्रिल

आज मी जे केलं ते लिहायलाही लाज वाटते.

चिमणीला बाजूला घेतलं. म्हटलं, शाळेत, डॉक्टरकडे, कुठेही कोणी विचारलं, तर आजीला आधी कधी चक्कर आली नाही. कळलं?

"पण येते."

"येते. पण सांगायचं नाही."

अकरा वर्षांची पोर. माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आजी म्हणते ते तुला सांगायचं नाही, आणि तू म्हणतोस ते लोकांना सांगायचं नाही. मग मी कोणाशी बोलू?"

मी म्हटलं, सशाशी. तिला हसू आलं नाही. मलाही नाही.

१८ एप्रिल

लिहितो. हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

दुपारी शाळेतून येताना सासूबाई जिन्यात पडल्या. दुसऱ्या मजल्यावर, त्यांच्या नेहमीच्या पायरीवर. कपाळाला खोक, शुद्ध नाही. चिमणीने वर पळत येऊन दार बडवलं. मी नेमका आज लवकर घरी होतो. त्यांना उचललं. किती हलक्या आहेत त्या! मी घाबरून मोठमोठ्याने त्यांना रागवत होतो. "उघडा डोळे! उघडा म्हणतो ना!" सासूवर असं कोणी जावई ओरडतो का. पण तोंडातून तेच निघत होतं.

इथे आणल्यावर त्यांना पडद्याआड नेलं. डॉक्टर तरुण, घाईत. ही अजून कामावरून यायची होती. डॉक्टरांनी विचारलं, "चक्कर कधीपासून येते?"

मी तोंड उघडायच्या आत चिमणी म्हणाली, "आजच. आधी कधी नाही." स्वच्छ, अडखळल्याशिवाय, डॉक्टरांच्या डोळ्यांत बघून. आणि मग माझ्याकडे बघितलं — बरोबर बोलले ना, बाबा?

तिथे माझं सगळं उसनं अवसान गळून पडलं.

"नाही," मी म्हटलं. "ती माझ्या सांगण्यावरून बोलतेय. जुनं आहे. चांगलं जुनं. दोन वर्षं तरी."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. दोन वर्षं. डोक्याचे फोटो, हृदयाच्या तपासण्या, सगळ्याची यादी त्यांनी भराभर नर्सला सांगितली. मला फक्त तो पेन दिसत होता. गेली पॉलिसी. गेला परवाना. गेल्या सासूबाई.

ही आली, तिला सांगितलं. वाटलं, आता तोंडात मारते. तिने माझा हात घट्ट धरला. "बरं केलंस," म्हणाली. "आधी तिला उठू दे. मग बघू, कुठे राहायचं ते." आणि मग जी रडायला लागली ती थांबेना. चिमणी तिच्या कुशीत शिरली. मी उभाच.

आत्ता नर्स सांगून गेली, शुद्धीवर आल्यात. प्रेशर मात्र भलतंच चढलेलं. गोळी चालू असताना इतकं कसं, डॉक्टरांना कळत नाहीये.

१९ एप्रिल

नर्सने सासूबाईंचं चष्म्याचं घर माझ्या हातात दिलं. आत कागदाची पुडी. पुडीत प्रेशरच्या गोळ्यांचे अर्धे अर्धे तुकडे, नखाने नीट मोडलेले. महिन्याचं पाकीट दीड महिना पुरवून उरलेले.

डॉक्टरांनी या वेळी त्यांनाच विचारलं, चिमणीच्या तोंडून. चक्कर कधीपासून? "गोळी अर्धी केल्यापासून." त्याआधी? "त्याआधी कधीच नाही. मला काय धाड भरली होती!" डॉक्टरांनी माझी दोन वर्षं खोडली. बाकी तपासण्या स्वच्छ. सल्लागार बाईंना फोन केला, सगळं सांगितलं, माझ्या नावाने. म्हणाल्या, प्रेशर तर आपण कळवलंच होतं, हे त्यातलंच. मी कंपनीला पत्र देते, पॉलिसी जात नाही.

लपवण्यासारखं काही नव्हतंच. कधीपासून, एवढं मी एकदाही विचारलं नव्हतं.

मग मी विचारलं, अर्धी का केलीत?

त्या ओशाळल्या. पांघरुणाचं टोक चाळवत राहिल्या. "तुम्हीच म्हणालात ना जावईबापू, एक एक गोळी खिशातून जाते. म्हटलं, अर्धी तर अर्धी वाचेल."